दगडावर उलटी लिहिलेली ओळ

पोलीस ॲक्शनला पाच वर्षे होत आली होती. एका मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास, औरंगाबादेत गुलमंडीच्या मागच्या गल्लीतल्या छापखान्यात, उर्दू मजकूर हाताने लिहून देणाऱ्या एका कातिबाने आपल्या बायकोच्या उजव्या हाताची तीन बोटे दगडाने ठेचली. मी पाच-सहा पावलांवर उभी होते. ज्या कागदावरून हे झाले तो कागद तिच्या घरून छापखान्यात मीच आणला होता.

नावे गाळली आहेत. त्या घरची माणसे अजून शहरात आहेत.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि त्या छापखान्यात मुद्रिते तपासत असे. शाळा उर्दूत झालेली, घर मराठी. त्यामुळे दोन्ही भाषांचे कागद माझ्याच टेबलावर येत. पुढच्या खोलीत मराठीचे खिळे होते, ते नवे. मागच्या खोलीत दगडावरून छापणारी शिळाप्रेस होती, ती जुनी. निजामाच्या काळात मागची खोली पुढचीला पोसत असे. आता कचेऱ्यांचे उर्दू काम आटले होते आणि मागे लग्नाच्या पत्रिका, उरुसाची पत्रके आणि क्वचित एखादे पुस्तक निघे.

छापखान्याच्या मालकीणबाई विधवा होत्या. सगळे त्यांना काकू म्हणत. नवरा वारल्यावर दीर कुलूप लावायला आला, तेव्हा त्यांनी खिळ्यांनी भरलेला खण त्याच्या डोक्यात घातला, असे मी कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी ऐकले. याची खात्री मला करता आली नाही. दीर मात्र नंतर कधी दिसला नाही.

उर्दू पुस्तकाला खिळे लागत नसत. कातिब, म्हणजे मजकूर हाताने लिहून देणारा, खळ दिलेल्या पिवळ्या कागदावर तेलकट शाईने लिही. कागद दगडावर दाबला की अक्षरे दगडावर उलटी उतरत आणि छापताना पुन्हा सुलटी येत. कागदाला चिकट बोट लागले तर तेही छापून येई.

आमचा कातिब पूर्वी सरकारी नकला लिहीत असे. पोलीस ॲक्शनच्या आठवड्यात पडेगावच्या रस्त्यावर जमावाने काठ्यांनी त्याचा उजवा हात मोडला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात माझ्या मामाला रझाकारांनी चावडीसमोर गोळी घातली होती. आम्ही एकमेकांना यातले काही सांगितले नाही. दोघांनाही माहीत होते. त्याचे हाड जुळले, पण हात थरथरत राहिला. चहाची बशी त्याला दोन्ही हातांनी धरावी लागे. तरी त्याचे कागद पूर्वीइतकेच सुबक येत. ते त्याची बायको लिही, घरात बसून. तो पत्र्याच्या नळीत गुंडाळून आणी आणि कातिब म्हणून नाव त्याचे लागे. एकदा समासात करंगळीचा ठसा उमटला. दगडावर दुरुस्त्या करणारे म्हातारे मामू तो बघून म्हणाले, "मुन्शीजी, बोट लई बारीक झालं तुमचं. जेवत नाय का?" सगळे हसले. कातिबही हसला.

त्या हिवाळ्यात त्याने एक जुनी हस्तलिखित किताब आणली. शंभरएक वर्षांपूर्वीची, दखनी बोलीतली, बायकांसाठी लिहिलेली: बाळंतपणाची औषधे, दुवा, जात्यावर म्हणायची गाणी. आपल्या पणजोबांनी लिहिली, असे त्याने सांगितले. तीनशे प्रती काढायचे ठरले. नोकरी गेलेल्या त्या माणसाला घराण्याचे नाव छापून हवे होते, एवढे त्याच्या बोलण्यावरून कळत होते.

मधल्या एका पानावर दोन ओळी सुटल्या होत्या. तो बाहेरगावी गेला होता, म्हणून काकूंनी मला त्याच्या घरी पाठवले. त्याची बायको तिशीची असेल. तिला मी आपा म्हणू लागले. तिने परातीतले पीठ बाजूला सारले, हात धुतले, कोरडे केले आणि दोन ओळी लिहून दिल्या. मग ट्रंकेतून मूळ किताब काढली.

"मुन्शीजींच्या पणजोबांची?" मी विचारले.

"माझ्या नानीच्या नानीची," ती म्हणाली. "खुलताबादहून माझ्या जहेजात आली. यांच्या घरात त्या टायमाला अलिफ कुणाला काढता येत नव्हता."

शेवटच्या पानावर चार ओळी होत्या. ही किताब मी रचली. मीच नकलली, ही चौथी नक्कल. आधीच्या तीन मी दर्ग्याच्या दाराशी बसून विकल्या. चौथी ओळ चाकूने खरवडलेली होती. ती कोणी खरवडली ते ठाऊक नाही. आपाने पान उजेडात तिरके धरले. बोरूने कागदात रुतलेल्या खुणा शिल्लक होत्या. बाईचे नाव होते, बापाचे नाव होते, खुलताबादचा मोहल्ला होता.

नवऱ्याने तिला या चारही ओळी गाळून तिथे पणजोबांचे नाव लिहायला लावले होते. तो कागद छापखान्यात पोहोचला होता. तिने चारही ओळींचा दुसरा कागद लिहून पिठाच्या डब्याखाली ठेवला होता. तो तिने माझ्या हातात दिला.

"मुन्शीजींना कळलं तर?"

"कळंल. उलटं बी वाचता येतं त्याला. लिवता येत नाय, इतकंच."

मी कागद बदलला. काकूंना सांगितले. त्या म्हणाल्या, "व्हय, लिवलं तिनं, तर नाव तिचंच पायजे." शेवटचा दगड मंगळवारी सकाळी तयार झाला.

कातिब नेहमीप्रमाणे दगड पाहायला आला. वाकून वाचला. तसाच बाहेर गेला. पाव तासाने परतला तेव्हा बायकोची वेणी त्याच्या मुठीत होती. गल्लीभर तो तिला ओढत आणत होता. ती अनवाणी होती, बुरखा खांद्यापासून फाटला होता, गुडघ्यातून रक्त येत होते.

"पूस," तो म्हणाला. "तुझ्या हातानं पूस."

"नाय पुसणार."

"नाय?"

"दुसऱ्याच्या नावावर पाच वर्षं लिवलं. आता बस."

दगड गुळगुळीत करायला एक लहान जड दगड वापरत. तो त्याने डाव्या हातात घेतला, तिचा उजवा पंजा आपल्या उजव्या कोपराखाली बाकावर दाबून धरला आणि तीनदा मारले. पहिल्या वेळी ती ओरडली. पुढच्या दोन वेळी ओरडली नाही. मग त्याच दगडाने त्याने चौथी ओळ घासून काढली. दगडावर शाई आणि रक्त एकत्र फिरत होते. मी जागची हलले नव्हते.

काकू पुढच्या खोलीतून खिळे ठोकण्याचा लाकडी हातोडा घेऊन आल्या आणि तो त्याच्या उजव्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. तो खाली पडला, उठला आणि त्याने डोक्याने त्यांच्या तोंडावर धडक दिली. त्यांचे पुढचे दोन दात पडले. मामू आणि खिळे जुळवणाऱ्या दोन जुळाऱ्यांनी त्याला खाली दाबून धरले. एकाने त्याच्या पोटात लाथा घातल्या. काकू थांब म्हणेपर्यंत तो घालतच होता.

दुपारी जमादार आला. आपा म्हणाली, दगड निसटला. कातिब म्हणाला, पायरीवरून पडलो. काकू तोंडाला पदर लावून म्हणाल्या, दार लागलं. जमादाराने तिन्ही जबाब लिहून घेतले, "लई अपघाती जागा आहे ही," म्हणाला आणि गेला.

हाडवैद्याने आपाच्या बोटांना बांबूच्या पट्ट्या बांधल्या. उरलेली अक्षरे टिकावीत म्हणून दगड गोंद लावून ठेवला होता. बाकी सगळे पुस्तक छापून झाले होते. शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटच्या पानाचा छापायचा कागद, तेवढा राहिला होता आणि त्यात एका ओळीची जागा कोरी होती.

काकू मामूंना म्हणाल्या, "तुम्ही लिवा."

"नाय काकू. मला मुन्शीजींच्याच गल्लीत राहून मरायचंय."

दहाव्या दिवशी, शुक्रवारी, तिच्या मोहल्ल्यातले पुरुष नमाजाला गेले असताना आपा आली. हात गळ्यात अडकवलेला होता. ती दगडासमोर बसली आणि डावा हात पुढे करून मामूंकडे कुंचली मागितली.

"डाव्यानं?" मामू म्हणाले.

"उजव्यानं सुलटं येतं, डाव्यानं उलटं येतं. लहानपणी दोन्ही हातांनी भिंतीवर लिवायची मी. मार खायची त्यापायी."

दगडाने पुन्हा शाई धरावी म्हणून मामूंनी कोऱ्या जागेवर तुरटीचे पाणी फिरवले, वाळवले. तिने दगडावर डाव्या हाताने उलटे लिहायला घेतले. तिला वीस मिनिटे लागली. ओळ खाली उतरत गेली. मी हातआरशात वाचून तपासली. चूक नव्हती. पण नावे दोन होती.

"दुसरं कुणाचं?" काकूंनी विचारले. दात पडल्यापासून त्यांच्या शब्दांतून वारा जात होता.

"लिवणारीचं."

काकू मामूंकडे वळल्या. "छापा."

एकसष्ट कागद निघाले आणि माळ्यावर वाळत गेले. ते मी मोजत होते, म्हणून आकडा पक्का आहे. बासष्टावा दगडावर असताना कातिब आला. मोडलेला खांदा बांधलेला होता, सोबत दोन भाऊ होते. भावांनी पुढच्या खोलीतले खिळ्यांचे खण उपडे केले आणि एका जुळाऱ्याला त्याच खिळ्यांवर पाडून तुडवले. कातिब स्वतः डाव्या हातात हातोडा घेऊन मागच्या खोलीत आला. चौथ्या घावाला दगड दुभंगला. एक कपची माझ्या डाव्या भुवईवर बसली; तिथे चार टाके पडले. फुटलेल्या दगडावर उभे राहून त्याने तीनदा तलाक म्हटले. आपा त्या वेळी डाव्या हाताची शाई चिंधीला पुसत होती. तिने पुसणे थांबवले नाही.

ते तिघे गेल्यावर काकूंनी निघालेले कागद सुकेपर्यंत पुढचे दार आतून लावून ठेवले आणि दाराशी हातोडा घेऊन बसल्या. बाहेरून दोन वेळा दगड आले. शनिवारी त्या एकसष्ट प्रती बांधून झाल्या. बाकीच्या शेवटच्या पानाशिवाय पडून राहिल्या आणि पुढे रद्दीत गेल्या. आपा भावाकडे खुलताबादला गेली. प्रती तिच्याबरोबर टांग्यात गेल्या. पुढच्या वर्षी मी दैनिकात लागले.

बातमीसाठी मी खुलताबादच्या उरुसाला गेले तेव्हा ती दर्ग्याच्या दाराशी गोणपाट टाकून बसली होती. पुढ्यात अकरा प्रती होत्या. बायका थांबत होत्या. तिने मला ओळखले, भुवईकडे पाहिले.

"भरलं नीट," ती म्हणाली.

"तुमचं?"

ती गिऱ्हाइकाकडे वळली. एका म्हातारीला किताब बघायची होती. आपाने ती डाव्या हाताने उचलली आणि शेवटचे पान आधी उघडून दाखवले. उजवा हात मांडीवर होता. त्याची तीन बोटे वळत नव्हती.