प्रणालीच्या पाच ओळी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, शाळेतल्या मैत्रिणींजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखणाऱ्यांसमोर माझी जीभ अजूनही रेटत नाही.

मी गणिताची शिक्षिका. माहेर अमरावतीचं, नोकरी पातूरला. दहावीला गणित शिकवते म्हणजे काय करते, माहीत आहे? पायऱ्या शिकवते. 'समजा' लिहा, 'दिलेल्या अटीनुसार' लिहा, समीकरण मांडा, अवयव पाडा, शेवटी उत्तराचं वाक्य लिहा. प्रत्येक पायरीला अर्धा गुण, एक गुण. मुलाला गणित कळलं की नाही, याला आमच्या तक्त्यात रकानाच नाही! याचा मला संताप येतो, खूप येतो. पण त्या संतापाआड मी फार वर्षं लपून बसले आहे, म्हणून आधी माझंच सांगते.

त्या वर्षी वर्गात प्रणाली नावाची मुलगी होती. वडील एसटीत कंडक्टर. शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची, फारशी बोलायची नाही. पूर्वपरीक्षेत चार गुणांचा एक प्रश्न होता — दोन संख्यांची बेरीज २६, गुणाकार १६५, तर त्या संख्या कोणत्या? सगळ्या वर्गानं माझ्या पायऱ्या उतरवल्या होत्या. प्रणालीनं पाच ओळी लिहिल्या होत्या. तेरा गुणिले तेरा, एकशे एकोणसत्तर. त्यातून एकशे पासष्ट गेले, चार. चारचं वर्गमूळ दोन. तेरा अधिक दोन, पंधरा. तेरा वजा दोन, अकरा.

उत्तर बरोबर. पण ना 'समजा', ना समीकरण. मला त्या ओळी कळल्या नाहीत. गणितात एमएस्सी झालेल्या मला! मी काय करायला हवं होतं? तिला बोलवून विचारायचं, एवढंच ना? मी लाल पेनानं शून्य दिलं आणि शेजारी लिहिलं — 'कॉपी. उत्तर पाहून आकडे जुळवले.'

सोमवारी पेपर वाटले, तेव्हा ती टेबलाशी आली.

"मॅडम, थे कॉपी नाई हाये. सव्वीसचं अर्ध तेरा. मंग दोन्ही आकडे तेरापासून सारखेच दूर राहतीन ना? एक इकडं, एक तिकडं. मले उमगलं तसं मी केलं. कावून शून्य देल्लं?"

पोरं हसली. मी म्हटलं, "जागेवर जाऊन बस." तिचं म्हणणं कानावर पडलं होतं, तरी मी तिला जागेवर पाठवलं.

दुपारच्या मोकळ्या तासाला मी कागद घेतला. बेरीज वीस, गुणाकार एक्क्याण्णव. दहाचा वर्ग शंभर, वजा एक्क्याण्णव, नऊ — तीन. तेरा आणि सात. बरोबर! बेरीज तीस, गुणाकार दोनशे सोळा. अठरा आणि बारा. पुन्हा बरोबर. दर वेळी बरोबर येणार होतं. कारण काय तेही दिसलं, आणि ते इतकं सुंदर होतं की क्षणभर मी सगळं विसरून त्या कागदाकडे बघत राहिले. पंधरा वर्षं मी तोच धडा शिकवत होते आणि मला ते कधी सुचलं नव्हतं. म्हणजे सोमवारी दुपारीच मला कळलं होतं. हे ध्यानात ठेवा.

बुधवारी तिचे वडील आले, ड्यूटीच्या खाकी कपड्यांतच. मुख्याध्यापकांसमोर उभे राहिले — खुर्ची रिकामी होती, कुणी बसा म्हटलं नाही. मीही नाही.

"सर, माई पोरगी कॉपी नाई करत. तिले आत्ता बोलवा, फळ्यावर असंच दुसरं गणित द्या. नाई आलं त मीच तिले घरी नेतो."

केवढी साधी मागणी! पाच मिनिटांचं काम. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमची खात्री आहे ना?"

मी म्हटलं, "हो सर. पूर्ण खात्री आहे."

ही माझी थाप. चूक नव्हे, गैरसमज नव्हे — ठरवून मारलेली थाप. आणि त्याखाली आणखी एक गोष्ट आहे, तीही सांगते. पहिल्या बाकावरच्या मुलानं, माझ्या ओळखीच्या घरातल्या, माझ्यासारख्याच आडनावाच्या मुलानं त्याच पाच ओळी लिहिल्या असत्या, तर मी 'कॉपी' लिहिलं असतं? त्याला स्टाफरूममध्ये बोलावून पाठ थोपटली असती. प्रणालीचं आडनाव वाचून माझ्या पेनाला विचार करावासा वाटला नाही. मी स्वतःला जातपात न मानणारी समजत होते. अजूनही चारचौघांत तसंच म्हणते!

माफीनामा लिहून घेतला. तिनं लिहिला, वडिलांनी खाली सही केली. जाताना ते माझ्याकडे बघून "येतो मॅडम" म्हणाले. ती वर्गाकडे गेली.

त्यानंतर तिनं मला एकही प्रश्न विचारला नाही. बोर्डाच्या परीक्षेत चांगले गुण मिळाले. पायऱ्या पाठ केल्या असणार. अकरावीला तिनं कला शाखा घेतली. दाखला न्यायला आली तेव्हा क्लार्कनं विचारलं, "गणितात एवढे मार्क, सायन्स काहून नाई?" ती म्हणाली, "गणित नको आता." मी पलीकडच्या टेबलावर हजेरीपट बघत होते. बघतच राहिले.

इथवर थांबले असते, तर नुसती भित्री ठरले असते. पण पुढं अकोल्याला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. विषय — मुलांना स्वतःच्या पद्धतीनं विचार करू द्या! आम्हीच मुलांचे विचार लाल पेनानं खोडायचे आणि आम्हीच त्यावर व्याख्यानं द्यायची, चहा-बिस्किटं खात. मला एक पाठ घ्यायचा होता. मी फळ्यावर लिहिलं, बेरीज २६, गुणाकार १६५. आणि त्याखाली त्या पाच ओळी.

हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. मागून एक तरुण शिक्षक उठला. त्याच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता. "मॅडम, ही पद्धत कुठं सापडली तुम्हाला?"

तिचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. पातूरचं नाव, शाळेचं नाव, सगळं.

"शिकवता शिकवता सुचली," मी म्हटलं. त्यानं ते वहीत उतरवून घेतलं, आणि खाली माझं नाव लिहिलं.