भिंतीपासून चार फूट

टेपचं टोक मुकादमाच्या हातात देऊन मी मागं मागं सरकत गेलो आणि चौथ्या फुटाला नालीत पडलो. पार गुडघ्यापर्यंत. समोरच्या हॉटेलातून दिगंबरशेठ ओरडले, "साहेब, नाली आतून बी तपासायलात का?"

मी नगरपालिकेत सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. नाल्या, कचरा आणि हॉटेलं माझ्याकडं. परभणी जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. दवाखान्याच्या रस्त्यावर चहाची सात हॉटेलं होती. सगळ्यांची बाकडी नालीवर फरशा टाकून रस्त्यात आलेली. फरशीखाली झाडूवाल्याचं फावडं जात नसे. त्यात एक दिवस एका बाळंतिणीची बाज त्या बाकड्यांत अडकली. बाई वर कण्हतेय आणि खाली लोक कप सांभाळत वाट करून देताहेत. मुख्याधिकारी म्हणाले, "सगळी बाकडी उचला."

मी म्हणालो, "सर, बाकडी गेली की यांचा धंदा बसला. त्यापेक्षा रेघ मारू."

नियम मीच लिहिला. दुकानाच्या भिंतीपासून चार फुटांवर चुन्याची रेघ. रेघेच्या आत बाकडी, बाहेर लोकांची वाट. नाली उघडी, ओलांडायला एकच सुटी फरशी. खरकटं पाणी पिंपात. साहेबांनी सही केली. हॉटेलवाले कुरकुरले, पण महिन्याभरात नाली वाहू लागली आणि दवाखान्यापर्यंत बाज सरळ जाऊ लागली. घरी मी हे इतक्यांदा सांगितलं की, मी घसा खाकरला तरी मुलं उठून जायची.

राहिली कौसाबाई. रस्त्याच्या पलीकडं, दवाखान्याच्या कंपाउंडला टेकून तिची मातीची चूल, एक बाकडं आणि वर पोत्याचं छप्पर. नवरा गेलेला, दोन मुली शाळेत. बाई बौद्ध. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस होते. काही हॉटेलांत काही माणसांचे कप बाहेर, वेगळे ठेवलेले असत. ती माणसं कौसाबाईकडं बसून चहा प्यायची. हे मला माहीत होतं. नियम लिहिताना आठवलं नाही, एवढंच.

"साहेब, माझी रेघ कुटं मारता?" तिनं विचारलं.

मी टेप काढली आणि तशीच गुंडाळली. तिला भिंतच नव्हती. कंपाउंडची भिंत दवाखान्याची.

"बाई, थांबा जरा. बघतो."

"बगा. तवर म्या जागा झाडून ठेवते."

साहेबांकडं गेलो. "सर, 'दुकानाच्या' एवढा एकच शब्द खोडू. कोणतीही भिंत चालेल असं करू."

"शब्द कुणाचा आहे?"

"माझाच."

"मग आता भोगा. भिंत दवाखान्याची, तर त्यांची एनओसी आणा."

एनओसी म्हणजे 'आमची हरकत नाही' असं एका ऑफिसानं दुसऱ्या ऑफिसाला लिहून देणं. कुणाचीच हरकत नव्हती. पण तसं लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं. अर्ज दवाखान्यातून वरच्या ऑफिसात गेला आणि तिकडंच बसला. इकडं हॉटेलवाल्यांची तक्रार आली, "आमाला रेघ अन् तिला मोकळीक का?" साहेबांनी तिला उठवायची तारीख दिली.

त्या सकाळी मी मुकादमाला घेऊन गेलो. त्यानं छप्पर उतरवलं. चुलीपाशी तो थबकला, माझ्याकडं बघू लागला. कौसाबाईनं स्वतःच पाटा उचलून चुलीवर घातला आणि चूल फोडली.

"तुमी कशाला हात घाण करता," ती म्हणाली.

सहा महिन्यांनी एनओसी आली. मी ती घेऊन पूर्णेला तिच्या भावाच्या घरी गेलो. कौसाबाई कुणाच्या तरी रानात निंदायला गेली होती. भावानं कागद उलटा-सुलटा बघून परत दिला. "लेकींना हितंच शाळेत घातलंय साहेब. आता न्हाई येत ती."

रस्ता अजून स्वच्छ आहे. पुढं नोकरीत मी बरेच नियम लिहिले. 'भिंत' शब्द आला की बिनभिंतीचे किती आहेत, ते आधी जाऊन मोजून यायचो. एवढंच शिकलो, तेही उशिरा.

त्या दिवशी पूर्णेहून घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "आता या कागदाचा काय उपयोग?" तिनं तो वाचला आणि नीट घडी घातली.

"फाडू नका," ती म्हणाली. "बाईला जागा म्हणून तेवढीच राहिलीय."