हडळीचं बाळ

वाचनालयात दिवाळी अंकांच्या टेबलाशी एक बाप आपल्या पाच-सहा वर्षांच्या लेकीला घेऊन उभा होता. तिनं नेमकं माझ्या भयकथेचंच पान उघडलं. चित्रात मोकळ्या केसांची, उलट्या पावलांची बाई.

"बाबा, ही कोण?"

"हडळ आहे. बाळंतपणात गेलेली बाई."

"मग तिचं बाळ कुठंय?"

बापानं पानं पुढं-मागं केली. "इथं दिलेलं नाही गं," तो म्हणाला.

मी शेजारीच उभा होतो. ही गोष्ट माझी आहे, हे सांगायला जीभ रेटेना.

खरंच, कुठं होतं बाळ? आम्हा भयकथा लिहिणाऱ्यांना ही बाई आयतीच मिळते. तिला बाळंतपणात मारायचं, चिंचेवर बसवायचं आणि गावातल्या पोरांच्या मागे लावायचं. ती पोरांच्याच मागे का लागते, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. तिचे दात, तिची नखं रंगवताना ती कुणाची तरी आई आहे, हेच मी विसरून गेलो.

बापानं अंक मिटला. पोरीनं तो पुन्हा उघडला आणि त्या बाईच्या केसांवर हळूच तळवा ठेवला.

"बाळालाच शोधत असेल ना ती?"

मी मान खाली घातली. माझ्या गोष्टीच्या शेवटी गावकरी तिला चिंचेच्या खोडाला खिळा ठोकून जखडतात. वाचणाऱ्याला तिथं हायसं वाटावं, अशी सोय मी केली होती.