ढोलकीवाल्यांच्या गल्लीचा नकाशा

लातूर वेगळा जिल्हा झाला आणि गावातल्या जागांना एकदम भाव आला. मी तेव्हा एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. आम्हाला पहिलंच मोठं काम मिळालं. एका व्यापाऱ्याच्या जागेवर खाली दुकानं, मधे ऑफिसं, वर फ्लॅट आणि मागं नाट्यगृह. त्या जागेत ढोलकी-तबले मढवणारे, बँडवाले आणि नाटकांचे पडदे रंगवणारे कित्येक वर्षं भाड्यानं राहत होते. साहेबांनी नकाशावर मोठ्या अक्षरांत ‘कलासंकुल’ लिहायला सांगितलं. मी ते मोठ्या हौसेनं लिहिलं.

त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. मोजमापाला गेलो तर टेपचं दुसरं टोक धरायला कुणी पुढं येईना. मी ते दगडाखाली दाबायचो, पाठ वळली की कुणीतरी दगड सरकवायचं. पाणी मागितलं तर एकानं रिकामी घागर उलटी करून दाखवली. ढोलकी मढवणारी एक म्हातारी दारातूनच ओरडली, “कुणाच्या हुकमानं मोजायलास रे?”

“मावशी, तुम्हालाच पक्के गाळे मिळणार आहेत.”

“आमी मागितले व्हते का?”

मला तिचा भयंकर राग आला. फुकटात पक्कं छप्पर मिळतंय आणि यांचा माज बघा, असं मला खरंच वाटलं होतं.

महिन्याभरानं साहेबांनी मला तिथं संमतीच्या सह्या आणायला पाठवलं. मी म्हातारीच्या ओट्यावर नकाशा पसरला. माणसं जमली, पण कुणी बसलं नाही. ती एकेका चौकोनावर बोट ठेवून विचारत होती.

“हे काय?”

“गाड्या लावायची जागा.”

“आन् हे?”

“जिना.”

“मग कातडं कुठं भिजवू? कुठं वाळवू?”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. “गच्चीवर,” मी ठोकून दिलं.

तिनं घंगाळात हात घातला, भिजलेलं कातडं काढलं आणि माझ्या नकाशावर अंथरलं. “दाव, कुठं मावतंय?” शाई सगळीकडं पसरली. लोक हसले, ते हसणं चांगलं नव्हतं. मी कागद गुंडाळला आणि शिव्या खात गल्लीबाहेर पडलो.

नकाशा पुन्हा काढावा लागला. या वेळी मी गाड्यांची जागा कमी केली, मागं मोकळं अंगण ठेवलं, त्यात एक हौद दाखवला. साहेबांनी त्यावर लाल पेन्सिल मारली.

“हे कुणी सांगितलं?”

“साहेब, त्यांना कातडं वाळवायला जागा लागते.”

“वास येणाऱ्या इमारतीत फ्लॅट कोण घेईल? शेठ काय म्हणतील?”

“मग कलासंकुल नाव कशाला द्यायचं?”

“तू पगार कुणाचा घेतोस?” एवढंच ते म्हणाले आणि माझ्यासमोर ब्लेड ठेवलं. ट्रेसिंग पेपरवरची शाई ब्लेडनंच खरवडावी लागते. मी खरवडली. अंगण गेलं, हौद गेला. कोपऱ्यात ‘रेखाटन’ लिहून माझी आद्याक्षरंही टाकली.

सह्या न मिळताही शेठनी गल्ली खाली करून घेतली, त्या दिवशी मी तिथं इमारतीच्या पायाची आखणी करायला चुन्याच्या रेषा मारत होतो. म्हातारी हातगाड्यावर ढोलकीची लाकडी खोडं रचत होती. एक खोड घसरलं, मी उचलायला वाकलो.

“हात लावू नको!” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मी सरळ झालो. तिनं खोड स्वतः उचललं आणि गाडा ढकलत नांदेडच्या रस्त्याला लागली. बाकीचे तिच्या मागं गेले. एकानंही माझ्याकडं पाहिलं नाही.

इमारत झाली. नाट्यगृहाच्या जागी कापडाचं गोदाम आलं. मी त्या ऑफिसात आणखी दोन वर्षं होतो. साहेब माझ्याशी कामापुरतं बोलायचे, मी तेवढंही बोलत नव्हतो.