अल ऐनमधल्या पादुका

शनिवारी सकाळी शारजातल्या अल मजाजहून आम्ही तिघी अल ऐनचं एक संग्रहालय बघायला निघालो: मी, माझी लेक आणि सासूबाई. सांगलीहून येऊन जेमतेम पंधरा दिवस झाले, तोच "माझं परतीचं तिकीट अलीकडचं काढा" असा सासूबाईंनी धोशा लावला होता. दर पौर्णिमेला औदुंबरला जाणाऱ्या बाईंना आमच्या विसाव्या मजल्यावर करमणार तरी कसं! मला मात्र त्या राहायला हव्या होत्या, अगदी मनापासून.

खजुराच्या बागा दिसू लागल्या तशी करक (दुधाचा दाट चहा) प्यायला थांबलो. "साखर किती ती!" म्हणत सासूबाईंनी दुसरा कपही संपवला. मग माझ्या कृपेने रस्ता चुकला आणि आम्ही थेट उंटांच्या बाजारात. त्यावरून लेकीने मला भरपूर चिडवून घेतलं.

शेवटी एकदाचं ते छोटं संग्रहालय सापडलं. स्कँडिनेव्हियातल्या प्राचीन कातळचित्रांच्या प्रतिकृती तिथे मांडल्या होत्या. लांबलचक होड्या, त्यांत काड्यांसारखी माणसं, चाकासारखे सूर्य. मी होड्यांत रमले. मागे वळून पाहते तो सासूबाई दाराशी चपला काढून, डोक्यावर पदर घेऊन एका शिळेपुढे वाकलेल्या! शिळेवर तळपायांची जोडी कोरलेली होती.

"आजी, इट्स ओन्ली अ रेप्लिका!" लेक ओशाळली.

"पादुका आहेत गं त्या. चपला घालून कसं उभं राहायचं?"

तेवढ्यात पांढरा कंदुरा (पायघोळ अंगरखा) घातलेले एक रखवालदार आले.

"माँजी, किसका पैर है?"

"देवाचे," सासूबाईंनी मराठीतच ठणकावलं.

मी घाईघाईने हिंदीत सांगितलं. त्यांनी हसत भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवलं. "इधर भी लिखा है. कुछ लोग बोलते हैं, उनका भगवान दिखता नहीं था, तो सिर्फ पैर बनाया."

"मग मी काय वेगळं सांगतेय?"

आम्ही सगळे खो खो हसलो. मागून आलेल्या एका फिलिपिनो कुटुंबाने दारातल्या चपला पाहून निमूटपणे बूट काढले. "खलास!" (झालं तर मग!) म्हणत रखवालदारांनीही आपल्या चपला त्या रांगेत ठेवल्या.

परतताना मीच धीर करून म्हटलं, "आई, तिकिटाचं उद्या बघते."

"बघ की. पण पौर्णिमेनंतरचं. पौर्णिमेला आपण परत इकडे यायचंय."

परमुलखात माणूस रुळायला फारसं काही लागत नाही. डोकं टेकायला एक जागा पुरते. गाडी चालवत होते म्हणून, नाहीतर तिथल्या तिथे त्यांना मिठी मारली असती.