तिसरा ‘हो’

गेटवर बसणाऱ्याकडे किस्से आपोआप साचतात. खोलीवर ऐकायला कुणी नसलं की जरा जास्तच साचतात. म्हणून तुम्हाला सांगतो.

मी तळवड्यातल्या एका छोट्या कंपनीचा वॉचमन. आमच्याकडे ओळख बनवतात! ऑफिसातल्या सायली मॅडमनी मला समजावलं, “काका, तुमची ओळख कुठल्या ऑफिसात नाही, तुमच्याच फोनमध्ये. ती खरी असल्याची नोंद हजार कॉम्प्युटरांवर. कुणाला खोडता येत नाही. ब्लॉकचेन म्हणतात याला.”

हे मी गेटसमोरच्या चहावाल्या बबनरावांना सांगितलं. ते इथल्याच गावचे. म्हणाले, “हजार कॉम्प्युटर कशाला, राव? आमच्या बायकूला सांगा. खोडता बी येत न्हाई!”

*

एकदा मोठे साहेब फोन घरी विसरून आले. फोन दाखवल्याशिवाय गेट उघडत नाही. नियम त्यांचाच.

“काका, मला ओळखत नाही का?”

“मी ओळखतो साहेब. गेट ओळखत नाही!”

ड्रायव्हर फोन आणेपर्यंत अर्धा तास बबनरावांच्या बाकावर बसले. हातात फोन नव्हता, म्हणून माझ्याशी बोलले. चार वर्षांत पहिल्यांदाच. छान गेला तो अर्धा तास.

*

मग मलाही ओळख मिळाली. मॅडमनी नाव टाकलं, किसन लक्ष्मण जाधव. इतकं पूर्ण नाव मीच बऱ्याच दिवसांनी ऐकलं. इथं सगळ्यांचा मी काका.

“फोन गेला, तर तीन माणसांनी ‘हो, ओळखतो’ म्हणायचं. मग ओळख परत. कोण तिघं?”

“एक आमची मंडळी.” नंबर पाठ होता.

“बंद लागतोय, काका.”

“दोन वर्षं बंदच आहे.”

मॅडमनी तिथं स्वतःचा नंबर टाकला. दुसरे बबनराव. तिसरं नाव दोन दिवस सुचेना. मग साहेब आठवले.

*

परवा माझा फोन चहाच्या पातेल्यात पडला. बबनराव म्हणाले, “घ्या! आता ओळखीचाच चहा प्या!”

नवा फोन घेतला. मॅडमचा ‘हो’ लगेच आला, बबनरावांचाही. तिसरा येईना, आणि तोवर गेट मलाच उघडेना. बाहेर बाकावर बसून राहिलो.

साडेदहाला साहेबांची गाडी आली. काच खाली झाली.

“काका, आपल्याकडे हा किसन लक्ष्मण जाधव कोण आहे? सकाळपासून मेसेज येतोय, याला ओळखता का म्हणून. मी ‘नाही’ दाबलं.”

मी उठून उभा राहिलो.

“नवीन असेल, साहेब.”