सांध्याखालची फूट

आमच्या घरात आंब्यावरून दोन पक्ष होते. एकात बाबा आणि मी, दुसऱ्यात आई एकटी.

बाबा चिपळूणकडचे. हापूस सोडून बाकी कशाला ते आंबा म्हणायलाच तयार नसत. पायरीला थोडी सवलत होती, तीही रसापुरती. आई साताऱ्याकडची. तिच्या माहेरी आंबा म्हणजे बांधावरचा रायवळ, कोयीतून आपसूक उगवलेला. प्रत्येक झाडाची चव वेगळी आणि प्रत्येकाला माणसासारखं नाव: गोटी, खोबऱ्या, शेंद्र्या. तिचा लाडका होता शेप्या. त्याला शेपूचा वास यायचा. खरंच यायचा. मुठीत मावेल एवढा आंबा, आत दोरेच दोरे, चोखूनच खायचा. तोंडात घातला की आधी शेपूची भाजी आठवायची आणि मग मागून गोडी यायची.

"आंबा आहे की पालेभाजी?" बाबा विचारायचे.

"घाटावरच्यांना काय, सगळं चालतं," मी पुस्ती जोडायचे. तेव्हा मी जेमतेम दुसरीत असेन, पण जीभ पहिल्यापासून अशीच.

"तुमचा तो बाळ्या," आई म्हणायची आणि कामाला लागायची.

मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या बाजूला, तळमजल्यावर आमचं घर. स्वयंपाकघराच्या मागे सहा-सात पावलं रुंदीची जमिनीची पट्टी, मग सोसायटीची भिंत. आईच्या माहेरी रस्ता रुंद करायला घेतला आणि बांधावरचा शेप्या तोडायचं ठरलं, त्या उन्हाळ्यात तिने त्याची एक कोय ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि तुपाच्या रिकाम्या डब्यात लावली. बाबांनी लगेच ज्ञान दिलं, की कोयीतून येणारं झाड त्याच्या आईसारखंच निघेल याची काही खात्री नसते. आई म्हणाली, "नसू दे. झाड तर निघेल."

रोप पट्टीत लावलं. आठव्या वर्षी त्याला आंबे लागले आणि शेप्याच निघाला. आई मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून खात होती. रस कोपरापर्यंत ओघळत होता आणि ती एकटीच हसत होती. इतकी मोकळी हसलेली मी तिला फारदा पाहिली नाही.

बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथल्या माळ्याशी त्यांची दोस्ती होती, आणि त्याच्याकडून ते कलमं बांधायला शिकले होते. शेप्याचे दोन हंगाम झाल्यावर त्यांनी झाडाभोवती एक फेरी मारली, खोडावर थाप दिली आणि निकाल दिला: "खोड दणकट आहे, फळ वाया. ह्याच्यावर कलमं बांधू."

"माझ्या झाडाला हात लावायचा नाही," आई म्हणाली.

महिनाभर घरात अबोला. मग तह झाला. खालची एक फांदी, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेलेली, शेप्याची राहणार. बाकी झाड खांद्याएवढ्या उंचीवर कापायचं आणि त्याला नवे धुमारे फुटले की त्यांच्यावर कलमं बांधायची. हापूसच्या काड्या चिपळूणहून ओल्या गोणपाटात आल्या. पायरीच्या काड्या माळ्याने दिल्या. केसरच्या काड्या वरच्या मजल्यावरच्या गुजराती काकूंनी त्यांच्या गावाकडून मागवल्या. बाबा धुमाऱ्याला चीर द्यायचे, तासलेली काडी तिच्यात बसवायचे आणि मी प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायचे. त्या पावसाळ्यात मला आयुष्यात पहिल्यांदा आपण कोणीतरी आहोत असं वाटलं.

मग बाबांनी मला काम नेमून दिलं. सांध्याखालून फुटेल ते खुडायचं. सांध्याच्या वर आपला हापूस, खाली मूळचं रानटी खोड, आणि ते खोड सारखं पुन्हा स्वतःचं झाड व्हायला बघतं. "एक फूट जरी ठेवलीस ना, सगळा रस तीच खाते. वरचं कलम उपाशी मरतं. तिथे दयामाया नाही." तहातली फांदी तेवढी सोडून मी दर रविवारी खोडाभोवती फिरून तांबूस कोंब नखाने उडवायचे. शाळेत असताना, कॉलेजात असताना, अंधेरीला नोकरी लागल्यावरही. लग्न केलं नाही, घर सोडलं नाही, त्यामुळे हे काम जवळजवळ तीस वर्षं चाललं. मी ते चोख केलं, आणि त्याचा मला अभिमान होता हे आता लिहितानाही लाज वाटते.

झाडाने भरपूर दिलं. हापूस एका वर्षाआड यायचा आणि कधी कधी कापल्यावर आत पांढरा साका निघायचा. मग बाबांचा चेहरा असा पडायचा की आई तोंड फिरवून हसायची. पायरी रसाला. केसर सगळ्यात इमानी, दरवर्षी हजर. माझ्या पलंगाखाली पेंढ्यात आढी घातलेली असायची आणि मे महिनाभर माझ्या उशीला आंब्याचा वास. पहिला पिकलेला आंबा बुद्धाच्या तसबिरीपुढे, दुसरा वर काकूंकडे. आईचे शेप्ये वेगळ्या टोपलीत, ओट्याखाली. ती ते दुपारी एकटी खायची. मला दरवर्षी विचारायची, "एक खाऊन बघ की गं."

"नको, हात चिकट होतात," मी म्हणायचे.

बाबा गेले. झाड माझ्याकडे आलं. पुढच्याच वर्षी वरच्या काकूंच्या घरात उंदीर शिरायला लागले. दोन फांद्या त्यांच्या ग्रिलला टेकल्या होत्या, एक केसरची आणि एक खिडकीपासून वर गेलेली शेप्याची. उंदीर तिथूनच चढत होते. काकू भांडल्या नाहीत, रडवेल्या होऊन म्हणाल्या, "बेटा, काहीतरी कर ना." मी रीतसर परवानगी काढली, अर्धी रजा टाकली आणि छाटणीची माणसं आली.

शिडीवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, ही एक मुळातून काढली तर दुसरी नुसती छाटून भागेल. कुठली काढू?"

तेव्हा मी विचार केला नाही असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मी विचार केला. केसर सगळे खातात, शेप्या एकच माणूस खातो. तो माणूस पाच पावलांवर, खिडकीच्या आत, मेथी निवडत बसला होता. मी आत जाऊन विचारलं नाही, कारण काय उत्तर येईल ते मला माहीत होतं. मी शेप्याकडे बोट केलं.

फांदी पडली तेव्हा मोठा आवाज झाला. आई खिडकीशी आली. तिने खाली पडलेला पाला बघितला, मग वर बघितलं.

"उजेड आला," ती म्हणाली आणि परत मेथी निवडायला बसली.

मला हायसं वाटलं. अक्कल गहाण ठेवलेल्या माणसाला असंच हायसं वाटतं.

थोड्या दिवसांनी त्या जखमेच्या जरा खाली एक कोंब आला. रविवारी मी तो खुडायला हात घातला तेव्हा आई दारात उभी होती. "तेवढी एक राहू दे की," ती म्हणाली.

"अगं, सगळा रस तीच खाते. बाबा सांगायचे ना?"

"हो," आई म्हणाली. "सांगायचे खरं."

मी कोंब खुडला. आईने पुन्हा कधी विषय काढला नाही. तिची ती टोपली ओट्याखाली रिकामीच राहिली, मग तिच्यात कांदे आले.

तीन वर्षांनी आईला पोटाचं दुखणं लागलं, न उतरणारं. जिभेची चवच गेली. हापूसच्या फोडी करून दिल्या तर एक तोंडात धरायची आणि बशी हळूच माझ्याकडे सरकवायची. डॉक्टर म्हणत होते, जे खातील ते द्या. एका दुपारी ती भिंतीकडे बघत म्हणाली, "शेप्या असता तर खाल्ला असता बघ." आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मी मुलुंडचं मार्केट पालथं घातलं, घाटकोपर झालं, दादर झालं. "शेप्या? ये क्या होता है, मॅडम?" एकाने शहापूरकडचे गावठी आंबे दिले, पाटीभर. आईने त्यातले चार-पाच चाखले, प्रत्येकाला मान देऊन. "हा गोड आहे," म्हणाली. "हा पण बरा आहे. पण तो नव्हे." मामेभावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, बांधच राहिला नाही, तिथं टायरचं दुकान आहे. आणि रायवळ आता कोण ठेवतंय?"

माझ्यापुरतं खरं उत्तर हेच होतं, की जगात एक शेप्या शिल्लक होता आणि तो मी पाडला.

दवाखान्याच्या फेऱ्यांमुळे दोन महिने मी झाडाकडे फिरकले नव्हते. एका सकाळी मागे गेले तर सांध्याच्या खाली, खिडकीच्या बाजूला, वीतभर लांब फूट आली होती. तांब्याच्या रंगाची लोंबती पानं. माझा हात सवयीने पुढे गेला आणि मी तो मागे घेतला. ही फूट म्हणजे शेप्याच. खालचं सगळं खोडच शेप्या होतं. इतकी वर्षं दर रविवारी मी शेप्याच खुडत होते, आणि हे मला माहीत नव्हतं असंही नाही.

पण फुटीला आंबा धरायचा म्हणजे तीन-चार वर्षं. डॉक्टर आठवड्यांत बोलत होते.

मी एक पान तोडलं, चुरगळलं, हुंगलं. मला कैरीसारखा हिरवा वास आला, बाकी काही नाही. म्हटलं, माझं नाक बाबांचं, त्याला काय कळणार. आत जाऊन आईच्या नाकाशी धरलं.

"आई, शेप्या. खालून फुटलाय. ह्या वेळी खुडला नाही. वास येतोय का बघ."

तिने डोळे मिटले. माझं मनगट धरलं, तिच्या हाताला जोर राहिला नव्हता तरी धरलं, आणि बराच वेळ हुंगत राहिली.

"येतोय," ती म्हणाली. "तोच."

बऱ्याच दिवसांनी त्या दिवशी मी पोटभर जेवले. निदान एवढं तरी तिला देता आलं, असं मनाशी म्हणत जेवले. श्रावणात आई गेली.

फूट मी ठेवली. बाबा म्हणायचे तसंच झालं. तिने रस ओढला, हापूसची एक बाजू वाळत गेली, पायरी रुसली. मी काही केलं नाही. यंदा, तिसऱ्या उन्हाळ्यात, फुटीवर मोहोर आला. बराचसा खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याने झडला. दोन आंबे टिकले, त्यातला एक खारीने खाल्ला. उरलेला मी पेंढ्यात एकटाच ठेवला आणि रोज जाऊन बोटाने दाबून बघितला. पिकल्यावर आधी बुद्धाच्या तसबिरीपुढे ठेवला. तिच्या शेजारी आता दोन फोटो आहेत.

मग मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून चोखला. शेपू. डोक्यात जाईल इतका शेपू. मला तो आवडला नाही, आजही आवडत नाही. पण कोय पांढरी पडेपर्यंत सोडला नाही, आणि मध्येच मला रडू आलं, तसंच खात राहिले.

हात धुवायच्या आधी झाडाशी गेले. त्याच फुटीचं एक कोवळं पान तोडून चुरगळलं. बोटांना रस लागलेला, त्यामुळे शेपूचा वास आला. नळावर हात साबणाने धुतले, पुसले, आणि दुसरं पान घेतलं. काही नाही. एक जून पान घेतलं. मग केसरचं घेतलं, पायरीचं घेतलं. सगळ्यांचा वास एकच, आंब्याच्या कुठल्याही पानाचा असतो तो.

शेपूचा वास फळात असतो. पानात नसतो. आई त्या झाडाखाली लहानाची मोठी झाली होती, त्याच्या डहाळ्यांची तोरणं करत होती, त्याचा पाला शेळ्यांना घालत होती. तिला हे माहीत नसेल असं होणार नाही. तिला पानाला वास येत नाही हे माहीत होतं, फांदी कोणी दाखवून पाडली हेही माहीत होतं, आणि तरी माझं मनगट धरून ती म्हणाली होती, येतोय, तोच.